तक्रारीवर न केलेली सही

अंबरनाथ (प.)
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. राही,
सप्रेम जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद घेतला. ऋतिकाच्या हाती देतेय. तिच्यावर रागावू नकोस. कॉलेजातून येता-जाता मामीकडे डोकावते, एवढाच तिचा गुन्हा. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड.

माझं बरं आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो. विहारातल्या वाचनालयाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सातवी शिकलेल्या बाईकडे किल्ली कशाला म्हणून पूर्वी कुरकुर व्हायची, आता मुलं पुस्तकं मलाच विचारतात. सोनिवलीला टँकर बंद होऊन नळाला पाणी आलं असं ऋतिका म्हणाली. बरं झालं. तुझी कंबर वाचली.

रविवारी घरी पाहुणी आली होती, मंगोलियाहून. तुया तिचं नाव, वय तिशीच्या आत. विकास तिकडे साइटवर होता तेव्हा त्याच्या हाताखाली वेल्डिंग शिकली. तिथल्या आपल्या वकिलातीने तिला शिष्यवृत्ती मिळवून दिली, म्हणून सहा महिने पुण्यात ट्रेनिंगला आली आहे. विकासने शिकवलेल्या तिघांना अशी मिळाली म्हणे. त्याच्या हातचं काम शिकलेली माणसं आपल्या देशात यावीत, इथलं शिकून परत जावीत, ही कल्पना वकिलातीतल्या हिमानी मॅडमची. तुयाच्या हाती त्यांचं पत्रही होतं.

मॅडमचं नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पुढचं वाच.

तुया हिंदी मोडकी बोलते, अडलं की फोनला विचारते. घरात आली, चपला काढल्या आणि पाणी घ्यायच्या आधी खिडकीपाशी गेली. आपली ती पुढच्या खोलीची ग्रिल. तिने जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "विकास सर." मी काही सांगितलं नव्हतं, राही. वेल्डिंगची रेघ बघून तिने माणूस ओळखला. मी तीन वर्षं त्या ग्रिलला ओली फडकी वाळत घालतेय.

मग तिने बॅगेतून निळं रेशमी वस्त्र काढलं. तिकडे मान द्यायचा तर असं वस्त्र दोन्ही हातांवर ठेवून देतात. ते घेऊन ती उभीच राहिली, बसेना. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि जमत नव्हतं. शेवटी बोलली. विकासला अग्नी तिने दिला होता. घरचं कोणी नव्हतं, मुलगा-भाऊ नव्हता, तेव्हा शिष्य म्हणून मी देते, असं तिने हिमानी मॅडमना सांगितलं. पण मी परकी, त्यातून बाई, तुमच्यात चालतं की नाही ठाऊक नव्हतं, तीन वर्षं हीच भीती होती, तुम्ही माफ करा, म्हणाली.

मी तिला खाली बसवलं. आमच्याकडे सासूला पहिला खांदा लेकीने दिला, असं तिला सांगितलं. तुझंच सांगितलं. तेव्हा ती रडली आणि मग तीन वाट्या डाळभात जेवली.

त्या दिवशीचं सगळं तिने सांगितलं. थंडी उणे तीस. साइटवरची एकोणीस माणसं रात्रभर बसने राजधानीत आली. तिथल्या भंतेंनी त्यांच्या भाषेत सूत्रं म्हटली, आणि मॅडमनी फोनवर आपलं त्रिशरण-पंचशील लावून तो दोन्ही हातांनी उंच धरला. संपेपर्यंत हातमोजे घातले नाहीत, कारण मोज्यांनी फोन निसटत होता. त्यांची दोन बोटं नंतर आठवडाभर बधिर होती, हेही तुया बोलून गेली. मॅडमनी मला कधी सांगितलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते आणखी लांबवत नाही.

वकिलातीने विकासचा देह द्यायला नकार दिला, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. हिमानी मॅडमनी मला फोन केला तेव्हा दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. बारा-तेरा दिवस लागतील, पण आम्ही त्यांना घरी पोचवू, सगळं आम्ही बघू. नाहीतर तुमची लेखी संमती असेल तर इथेच अंत्यसंस्कार करू. घरच्यांशी बोलून घ्या, दोन दिवस घ्या, असंही म्हणाल्या. मी दोन तासही घेतले नाहीत. नाक्यावरच्या सायबरवाल्याकडून कागद काढला, सही केली, पाठवून दिला.

तुला आठवतं, आपल्या गल्लीत आखातातून पेटी आली होती? उघडू नका म्हणून कागद चिकटवलेला, आणि त्या गेलेल्या पोराच्या आईने विळ्याने खिळे उचकटले होते. पेटी धरणाऱ्यांत विकास होता. घरी येऊन आंघोळ केली आणि मला म्हणाला, "मी कुठं गेलो न् तसं काही झालं, तर मला पेटीत घालून आणू नका." मी त्याचं ऐकलं.

हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मला त्याला तसं बघायचं नव्हतं. तो बॅग खांद्याला लावून गेला होता, तेवढंच मला ठेवायचं होतं. माझ्या भीतीला मी त्याच्या शब्दाचा आधार दिला. आई मात्र शेवटपर्यंत "एकदा तोंड बघितलं असतं" म्हणत राहिल्या. अस्थींचा कलश आला तेव्हा त्यांनी वर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एवढासाच?" तेव्हा सांगायला हवं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला.

मग तू तक्रार केलीस. एम्बसीवाल्यांनी आमचा माणूस परस्पर जाळला, असं लिहिलंस आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे धरलास. मी सही केली नाही. वहिनीला त्यांनी गप्प बसवलं, असं तू सगळ्यांना सांगितलंस आणि माझ्याशी बोलणं सोडलंस. पण ज्या बाईने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, तिच्याविरुद्ध मी कशी सही करणार? आणि का करत नाही, हे तरी कसं सांगणार?

चौकशी झाली तेव्हा मॅडमचा फोन आला. मी जेवते का, झोप लागते का, एवढं विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमची संमती माझ्या फाइलमध्ये आहे. वरिष्ठांना दाखवली. घरच्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं. तो कागद आमच्याकडून बाहेर जाणार नाही." तुला तुटक उत्तर आलं ते म्हणून. तुझ्या शिव्या त्यांनी माझ्या वाटच्या खाल्ल्या.

विकास साइटवर सांगायचा म्हणे, माझी बहीण कुणाशीही भांडून जिंकते. ही एक तक्रार तू हरलीस. भांडायला तू चुकली नाहीस, राही. समोर मी उभी राहायला हवी होते.

मॅडमना काल कळवलं की घरी सांगतेय. तुयाने माफी मागितली तेव्हा वाटलं, हिच्याकडे माफ करण्यासारखं काहीच नाही, तरी ही एवढ्या लांब आली. मला तर नुसतं सोनिवलीपर्यंत यायचं होतं. लिहिता लिहिता चहा केला आणि गरम असतानाच प्याले. बऱ्याच दिवसांनी.

तुया येत्या रविवारी परत येणार आहे, अकरा वाजता. भांडणाऱ्या बहिणीला भेटायचं म्हणते. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्याशी बोल. तुझ्या भावाला निरोप कुणी कसा दिला, ते तिच्याच तोंडून ऐक. मी स्वयंपाकघरात असेन. शिव्या द्यायच्या असतील तर तिथे ये, या वेळी योग्य पत्त्यावर पडतील.

त्या कागदावर सही केलेली, तुझ्या कागदावर न केलेली,
तुझी वहिनी
यशोधरा