काहिलीवरचं कुलूप

३ फेब्रुवारी

साबणावरही बसला! काच झाली, कागद झाला, मेणबत्त्या झाल्या, आता साबण. कर बसवला तेव्हा म्हणाले होते, लढाईपुरताच. लढाई संपली. आता म्हणतात, लढाईसाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत. आणि ते कर्ज सरकारला दिलं कोणी? मी! अंगावरचं सोनं मोडून युद्धरोखे घेतले होते, मोठ्या तोऱ्यात. म्हणजे आता माझ्याच साबणातून काढणार आणि व्याज म्हणून माझ्याच हातावर ठेवणार! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

वड्या कापायला येते ती मावशी म्हणाली, "बाई, लोक आता आंघोळ कमी करतील हो." म्हटलं, करू देत. सरकारलाच वास येईल.

६ फेब्रुवारी

नुसता कर असता तर मुकाट्यानं गिळला असता. वर कुलूप! साबण शिजवायच्या काहिलीवर लोखंडी झाकण बसवून गेले, साखळीसकट. सकाळी कर खात्याचा चावीवाला येऊन उघडणार, संध्याकाळी भोंगा झाला की बंद करणार. चोरून घाणा काढू नये म्हणून! अरे, साबण काय भोंगा ऐकून शिजतो? थंडीत चरबी लवकर धरतच नाही. अर्धवट शिजलेलं झाकून ठेवलं की फाटतं. सकाळी बघावं तर वर तेल, खाली पाणी. आमच्या ह्यांनी हयातभर एक घाणा फुकट जाऊ दिला नव्हता.

९ फेब्रुवारी

चावीवाला कोण निघावा? आमचा धाकटा! माझा सख्खा भाऊ. लढाईवरून आल्यापासून माझ्याकडेच आहे, माडीवरच्या खोलीत. परस्पर अर्ज करून आला आणि आज सकाळी खात्याची टोपी घालून दारात हजर. किती वेळा म्हटलं होतं, काहिलीपाशी उभा राहा, निम्मा कारखाना तुझा. तर नाही! "सरकारी नोकरी आहे ताई. बरं असतं."

काय बरं असतं? विचारलं तर टोपी सारखी करत काहिलीकडे वळला.

वर आणखी म्हणतो, आपलं नातं खात्यात कळता कामा नये. त्याचा पदक लावलेला फोटो मी दुकानात अगदी समोर टांगलाय. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते, हा आमचा वाघ! तोही काढायला लावला. साबणवालीचा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते वाघाला. ठीक आहे.

१० फेब्रुवारी

टोपी डोक्यावर असली की मी "बाई". घरी येऊन टोपी काढली की "ताई, मीठ वाढ." मावशी पदर तोंडाला लावून हसते.

१७ फेब्रुवारी

घाणा गेला. पहिला!

भोंगा झाला तेव्हा नुसती उकळी धरली होती. म्हटलं, जरा थांब, मीठ टाकायचंय अजून. "नियम आहे बाई." अरे, माझ्या डोळ्यांदेखत शाळेत गेलेला पोरगा तू, मला बाई म्हणतोस? विस्तव ओढायला लावला, झाकण ओढलं, कुलूप! किल्ली खिशात घालताना दोनदा खाली पाडली त्यानं. मी उचलून दिली नाही.

१८ फेब्रुवारी

बोलत नाही मी त्याच्याशी. ताट वाढून ठेवते आणि माडीच्या जिन्यावर भांडं आपटते.

२६ फेब्रुवारी

आणखी एक फाटला. इस्पितळाला साबण द्यायचा होता, वेळेवर गेला नाही, तर त्यांनी दुसरीकडून घेतला. ह्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक! साचे रिकामे पडलेत. मावशी आज वड्या कापायच्या तारेला तेल पुसत बसली होती, दुसरं काम नव्हतं म्हणून. "बाई, मी येत जाऊ ना उद्यापासून?" असं विचारलं तिनं. मी "ये की!" म्हटलं खरं. पण असंच चाललं तर उन्हाळ्याआधी कारखान्यालाच कुलूप लागेल, आणि ते लावायला भावाची गरज पडणार नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाकडे जायचं?

२ मार्च

आज साखळी सुटून झाकण दाणकन फरशीवर पडलं. वळून बघते तर धाकटा भिंतीशी उकिडवा बसलेला, दोन्ही हात कानांवर. टोपी लांब पडलेली. मी बघितलंच नाही असं केलं. तोही उठून टोपी झटकायला लागला. पदक मिळवलेला माणूस! कुणाला सांगायची सोय नाही.

५ मार्च

मेणबत्तीवाला भेटला. त्यांच्याकडेही कुलूप आहे, पण त्यांचा चावीवाला देवमाणूस! किल्ली खिळ्याला अडकवून चहा प्यायला जातो तो जातोच. अधूनमधून मेणबत्त्यांची पुडी दिली की झालं. आमच्या नशिबी मात्र हा नियमांचा पुतळा.

मला एक सुचलंय. नात्यातल्या माणसाला किल्ली द्यायची नाही असा खात्याचाच नियम आहे म्हणे. मग त्यांच्याच नियमानं सुटका का करून घेऊ नये? धाकट्याला दुसरी गल्ली मिळेल. मला दुसरा चावीवाला. त्याला लाजही वाटायला नको.

८ मार्च

जाऊन आले. साहेबांना म्हटलं, तुमचा चावीवाला माझा सख्खा भाऊ आहे, त्याला दुसरी गल्ली द्या. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "सख्खा? त्यानं तर सांगितलं, या भागात माझं कुणी नाही."

म्हटलं, नुसती गल्ली बदला हो, माणूस फार सचोटीचा आहे. म्हणाले, "बघतो."

९ मार्च

काढून टाकलं! खोटं सांगितलं म्हणून. टोपी आणि किल्ली जमा करून दुपारीच घरी आला. तोंड पांढरंफटक. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला विचारायचं तरी, ताई," एवढंच.

म्हटलं, एवढं काय रे आभाळ कोसळलंय? घरचा कारखाना आहे. उद्यापासून ढवळायला उभा राहा.

हसला. बरं नाही वाटलं ते हसणं.

१५ मार्च

नवा चावीवाला ढेरपोट्या आहे आणि झोपाळू आहे. देव त्याचं भलं करो. दोन वड्या दिल्या, किल्ली खिळ्यावर! घाणा असा उतरला की मावशीनं वडी नाकाशी धरून डोळेच मिटले. इस्पितळाकडेही निरोप धाडलाय.

आणि धाकटा! ढवळताना वल्हं अगदी ह्यांच्यासारखं फिरवतो. त्याच्या हातात होतंच हे. मग कशाला पाहिजे होती ती टोपी? फोटो परत टांगला दुकानात. बघितला त्यानं आणि परत ढवळायला लागला. हल्ली सकाळी आधी नाक्यावर जाऊन उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचतो, मग तोंड धुतो. म्हटलं, मुलगी बघायला सुरुवात केलीस की काय जाहिरातीत?

२२ मार्च

सरहद्दीवर पुन्हा सुरू झालं म्हणे. मावशी म्हणाली, "आता कशावर बसवतील कर?" म्हटलं, राहिलाय कुठं काय? श्वासावर! नवे युद्धरोखेही निघालेत. जुन्यांचे पैसे कधी देणार ते कुणी बोलत नाही.

धाकटा जेवला नाही.

२५ मार्च

त्याला परत बोलावलंय. उद्याच निघायचं.

म्हटलं, तू तर सुटून आला होतास ना रे? "राखीव यादीत होतो, ताई. कर खात्यात असेपर्यंत सूट होती."

मला का नाही सांगितलंस? एका शब्दानं सांगायचं होतंस रे!

दुकानातल्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू सगळ्यांना सांगायचीस ना, आमचा वाघ म्हणून."

किल्ली खिळ्यावर आहे. आज घाणा लावला नाही.