याचा धडा करू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा धुण्याचा आणि इस्त्रीचा, चर्चच्या ख्रिस्तवासी पाळकसाहेबांची पत्नी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे, कारण माझे डोके ठिकाणावर नाही असे याआधी एकदा भर उपासनेत जाहीर करण्यात आले होते. परमेश्वरावर माझा विश्वास आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे म्हणून कोणी कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा.

कलम एक. राहते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची धुण्याची पडवी, हे सर्व माझ्या सुनेला द्यावे. चर्चच्या कागदांत तिचा उल्लेख ‘त्या बाई’ असा आहे. या कागदात ती माझी सून आहे. लग्न चर्चमध्ये झाले नाही, ही गोष्ट मला माहीत आहे आणि ती कोणी मला पुन्हा समजावून सांगू नये. घर माझ्या नावावर आहे. पाळकांच्या पगारात भाडेसुद्धा निघत नव्हते, हे घर इस्त्रीवर उभे राहिले.

या घराचे पाळकसाहेबांच्या नावे स्मृतिभवन करावे असा चर्चच्या मंडळीच्या कमिटीचा ठराव आहे. पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची ठेवायची, भिंतीवर त्यांची वचने लावायची, आणि ‘घरातले धडे’ या नावाने त्यांचे उपदेश छापून तिथे विकायचे. माझ्या मुलीचा या ठरावाला पाठिंबा आहे. माझा नाही. का नाही, ते सांगितल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. हे मी आधी लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला सोपे जाणार नाही. मरणाऱ्या माणसाजवळ ते रात्रंदिवस बसत. अंगावरचा कोट दोनदा गरिबाला देऊन आले, आणि दुसऱ्यांदा तो माझ्या भावाचा होता. मुले लहान असताना एकदा माझी सुई हरवली. त्यांनी सगळ्यांच्या हातात झाडू, फडके, काहीबाही दिले आणि घर पालथे घातले. सुई चटईत सापडली तेव्हा मुले नाचली. मग ते तिथेच जमिनीवर बसून म्हणाले, “बघा, देव आपल्याला असाच शोधतो. कमरेत वाकून.” मुलांना ते कळले. मलाही कळले. माझ्या विश्वासाचे मूळ धरायचेच तर त्या चटईवर आहे.

रविवारी त्यांनी ती गोष्ट व्यासपीठावरून सांगितली आणि लोक खूश झाले. पुढच्या आठवड्यात लोकांनी विचारले, आता घरात काय झाले? तिथून ते सुरू झाले. दूध उतू गेले की मी गॅसकडे धावायची, ते पेन शोधायचे. मुलांचे भांडण, माझे रुसणे, करपलेला पाव, सगळ्याचा रविवारपर्यंत धडा होई. मुलगी नऊ वर्षांची असताना अंथरूण ओले करायची. तेही सांगितले, देव ओले अंथरूणही न चिडता बदलतो म्हणून. अंथरूण मी बदलत होते. शाळेत पोरी तिला काय म्हणाल्या, ते तिने मला लग्न झाल्यावर सांगितले. तरी ती आज म्हणते, “बाबांनी प्रेमानेच सांगितलं होतं.” असेलही.

धाकटा वीस वर्षांचा होता. छापखान्यात टाइप जुळवायचा, बोलायचा कमी. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोके टेकून तो वडिलांना म्हणाला, “बाबा, प्रार्थना तोंडाने म्हणतो, आत काहीच नसतं. छापखान्याच्या गच्चीवर जाऊन उभा राहतो कधीकधी. कठड्याच्या पलीकडे.” मी भांडी विसळत होते, माझे हात थांबले. पाळकसाहेबांनी त्याला जवळ घेतले. दोघे रडले. ते रडणे खरे होते, मी शपथेवर सांगते. त्या संध्याकाळी मला वाटले, पोरगा वाचला.

रविवारी ते म्हणाले, “माझ्या अगदी जवळचा एक तरुण गच्चीच्या कठड्यावर उभा राहतो…” नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. मी सकाळी कडक इस्त्री करून दिलेला सदरा घालून तो तिथे बसला होता. तो उठला, मधल्या वाटेने शांतपणे चालत बाहेर गेला. पाळकसाहेबांनी पुढचे वाक्य पुरे केले. त्या आठवड्यात मुलगा घर सोडून गेला.

वर्षभराने तो परत आला. दुपारची वेळ होती, मी मागे चादरी पिळत होते. पुढच्या दारात आवाज ऐकला.

“आधी मंडळीसमोर उभा राहा,” पाळकसाहेब म्हणत होते. “चुकलो म्हण. मग हे घर तुझंच आहे.”

“कशाबद्दल चुकलो, बाबा?”

“निघून गेलास त्याबद्दल. लोक विचारतात मला.”

“आणि तुम्ही सांगितलंत ते?”

दार लागल्याचा आवाज आला. आपटले नाही, हळू लावले. मी मागच्या अंगाने रस्त्यावर पळाले. अंगावर ओला गाऊन, पायांत चप्पल एकच. पोस्टापाशी तो सापडला. तो खोकत होता. म्हणाला, “आई, घरी जा. घसरशील.” मी त्याचा दंड सोडेना, तेव्हा त्याने पत्ता दिला. दगड कापायच्या कारखान्यात कामाला होता. तिथेच त्याला ती भेटली, दगडाला पॉलिश करणारी. दोघे एका खोलीत राहत. मी महिन्यातून एकदा जायची आणि त्याच्या सदऱ्यांना इस्त्री करायची. तो हसायचा, “दगडाच्या भुकटीत इस्त्री कशाला गं?” मी करायची. पाळकसाहेबांना ठाऊक होते. ते विचारायचे, “बरा आहे?” मी “हो” म्हणायची. एवढेच.

दगडाची भुकटी फुप्फुसांत बसते. तो सरकारी दवाखान्यात गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. शेवटी त्याला आडवे पडता येत नव्हते. सून मागे बसायची आणि तो तिच्या छातीला टेकून श्वास घ्यायचा. मी पुढून पाय चोळायची. पाळकसाहेब आले नाहीत, चर्चची परिषद होती. मरायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “आई, याचा धडा होऊ देऊ नकोस.” मी म्हटले, “नाही होऊ देणार.” हा शब्द मी देऊन बसले आहे. म्हणून हे घर स्मृतिभवन होणार नाही.

त्याला पुरले आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधला उधळ्या मुलाचा दाखला घेतला, घर सोडून गेलेला मुलगा परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो तो. आवाज कापत होता. म्हणाले, “माझाही मुलगा दुरून येताना दिसला. मी धावत गेलो. त्याच्या गळ्यात पडलो.” त्यांना ते खरेच वाटत असावे. इतक्या वर्षांत त्यांना घडलेले आणि सांगितलेले वेगळे करता येईनासे झाले होते. बायका डोळे पुसत होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, “तुम्ही धावला नाहीत. तुम्ही दार लावलंत.”

पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले, पाटीवरचे अक्षर न लागणाऱ्या मुलासारखे. मग कमिटीचे सेक्रेटरी उठले. दर वाक्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय आहे, म्हणून आमच्या घरात त्यांना खाकरेसाहेब म्हणतात. त्यांनी घसा खाकरला, माझे कोपर धरले आणि सगळ्यांना सांगितले, “बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.” बाहेर पायरीवर मुलगी मला म्हणाली, “आई, असं सगळ्यांसमोर?”

“त्यांनीही सगळ्यांसमोरच सांगितलं, बाळ.”

“ते बाबा आहेत.”

“आणि तो?” मी विचारले. ती जावयाच्या गाडीत बसून गेली.

कलम दोन. सेक्रेटरी खाकरेसाहेबांना माझ्याकडून काही नाही. त्यांचे तीन सदरे पडवीत पडून आहेत, ते पैसे भरून न्यावेत.

कलम तीन. पडवीतली भट्टी, दोन्ही जुन्या लोखंडी इस्त्र्या, विजेची इस्त्री, टेबल, दोऱ्या आणि गिऱ्हाईक, हे सर्व सुनेचे. दवाखान्याच्या चादरी तिने सोडू नयेत, डाग कितीही असोत. उशीर झाला तरी ते पैसे देतात.

ती या घरात कशी आली, ते इथे लिहिते, कारण तिने घर लाटले असे बोलणारे आहेत. मुलगा गेल्यावर तीन वर्षांनी पाळकसाहेबांचे उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. बत्तीस पानांचा उपदेश पाठ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात ‘हो’ एवढा एकच शब्द राहिला. त्याच सुमारास सून मुलाचे उरलेले कपडे द्यायला आली. मी त्यांना एकटीने कुशीवर वळवायला बघत होते आणि जमत नव्हते. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या बगलेत हात घातला. “उचला, आई,” म्हणाली. ती परत गेलीच नाही.

सहा वर्षे तिने त्यांना भरवले, धुतले, पुसले. ती प्रार्थना करत नाही. मी एकदा म्हटले, माझ्याबरोबर चर्चला ये. तर म्हणाली, “तुमचा देव तुम्हाला लखलाभ, आई. मला चादरी आहेत.” एका दुपारी मी दारात उभी होते, ती त्यांच्या पायांवर गरम पाणी ओतत होती. तिला मी दिसत नव्हते. ती विचारत होती, अगदी साधेपणाने, पाणी गरम झालंय का विचारावे तसे.

“दार तुम्हीच लावलंत ना, बाबा?”

“हो,” ते म्हणाले.

“त्याला आत घ्यायला हवं होतं ना?”

“हो.”

“मग आता रडू नका. दुसरा पाय द्या.”

ते रडत होते. आता हे मी कसे मांडू? पाऊस पडतोय का विचारले तरी ते ‘हो’ म्हणायचे. सूप खारट आहे का, तरी ‘हो’. ती कबुली होती असे मला शपथेवर सांगता येणार नाही. तिने माफ केले असेही म्हणता येणार नाही, कारण मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. एक खरे की मी भिंतीला टेकले आणि मला वाटले, प्रभू या खोलीत आहे. त्याच्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हते. मी जाऊन चादरी दोरीवर टाकल्या. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. इथे सांगते आहे ती फक्त घराचा हक्क सिद्ध व्हावा म्हणून. व्यासपीठावरून कोणी ती सांगितली, तर सुनेने वकिलामार्फत नोटीस द्यावी.

कलम चार. पाळकसाहेबांच्या उपदेशांचे गठ्ठे मुलीला द्यावेत. ते तिच्या वडिलांचे आहेत आणि तिचे वडिलांवर प्रेम आहे, ते मी हिसकावणार नाही. छापायचे तर छापावेत, पण ज्यात तिच्या भावाचा उल्लेख आहे ते सोडून. अंथरुणाचा उपदेश छापायचा की नाही, ते मात्र तिने स्वतः ठरवावे. आईने त्या वेळी मध्ये पडायला हवे होते, असे तिला वाटत असेल, तर ते बरोबर आहे. पोस्टातली शिल्लक अंत्यविधीचा खर्च वजा जाता मुलीची. माझा लोकरीचा कोटही तिचा, तिला थंडी सोसत नाही.

कलम पाच. माझ्या अंत्यविधीला उपदेश नको. जावयाला वाईट वाटेल, तो आता तिथला पाळक आहे, पण नको. त्याने शास्त्रातला एक उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा आणि खाली बसावे. उतारा कुठलाही चालेल. त्यावर एक शब्दही बोलू नये. शांत बसणे लोकांना जड जाईल. जाऊ दे.

कलम सहा. दफनाबद्दल. मला मुलाशेजारी पुरावे असे मी आधी ठरवले होते. गेल्या महिन्यात सून आणि मी, त्याला पुरले त्या गावच्या सार्वजनिक कबरस्तानात जाऊन आलो. तिथल्या कारकुनाने सांगितले की भाड्याची मुदत संपली, तो भाग खणून दुसऱ्यांना दिला गेला. मी विचारले, “मग तो कुठे आहे?” तो म्हणाला, “बाई, असं काही सांगता येत नाही.” सुनेने माझा हात धरला. आम्ही थोडा वेळ तिथे उभ्या राहिलो, कुठल्या बाजूला तोंड करायचे ते आम्हाला कळेना.

त्यामुळे मला पाळकसाहेबांच्या शेजारी पुरावे. ती जागा त्यांनी दोघांसाठी घेऊन ठेवली होती आणि माझ्याकडे दुसरी नाही. मी त्यांना माफ केले, शेवटी दोघे एकत्र आले, असे काही कोणी तिथे म्हणू नये आणि दगडावर कोरू नये. केले की नाही, ते मला आज माहीत नाही. पुढे जे काय बोलायचे ते मी आणि ते बोलू. मध्ये कोणी बसू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, सुनेला आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. मुलीने विचारले, “आई, कोट आताच नेऊ का?” मी म्हटले, “ने.”

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई, (सही). लिहून देणार शुद्धीवर असल्याची मी खात्री केली आहे.

साक्षीदार दुसरे: समोरचे सायकल दुरुस्तीवाले, (सही). बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांचा हात थरथरला नाही.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात.
दिनांक: १९ नोव्हेंबर, बुधवार.