फेराऱ्यातला एकमेव पादचारी

३ मार्च, दुपार
आज मला सायकलने धडक दिली. सान रोमानो गल्लीत, भर बाजारात.
चालवणारी एक नन. वय ऐंशीच्या घरात. हँडलला दोन पिशव्या, एकीतून कोबी डोकावत होता. मी गल्लीच्या मधोमध, माझ्या हक्काच्या जागेतून सरळ चाललो होतो. (चीजच्या दुकानाची काच आली म्हणून किंचित थांबलो आणि एक पाऊल मागे आलो, इतकंच.) हातात भोपळ्याचं सारण भरलेल्या ताज्या पास्त्याची, कापेल्लाच्चीची, पुडी होती, ती सगळी फरसबंदीवर. ननने एक पाय टेकवला, वळून पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाळा, बघून चालावं जरा."
बाळा! मी, एर्मेते गुआल्दी, पाणीपुरवठा खात्याचा निवृत्त विभागप्रमुख!
उत्तर जिभेवर होतं. पण तोवर ती घंटी वाजवत कोपऱ्यावर पोचलीसुद्धा.
घरी इओलांदाला सांगितलं. तिने आधी विचारलं, मग आता जेवायला काय? नंतर म्हणाली, "सगळ्यांना नेमका तूच कसा रे सापडतोस?" बायकोकडून सहानुभूतीची अपेक्षाच चूक. ती स्वतः सायकलवाली.
या फेरारा शहरात मूल पाळण्यातून उतरतं ते थेट सायकलवर चढतं. पाद्री सायकलवर, न्यायाधीश सायकलवर, नवरी सायकलवर. पायी चालणारा मी एकटा उरलोय. तत्त्व म्हणून.
निश्चय: आता गप्प बसायचं नाही.

५ मार्च
'पादचारी स्वाभिमान मंडळा'ची स्थापना तुल्लियोच्या बारमध्ये उत्साहात पार पडली. तुल्लियो माझा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे हॉल फुकट. हजर: मी, तुल्लियो आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाल्मिराबाई. बाई नव्वदीला टेकल्या आहेत, चाकांचा वॉकर ढकलत फिरतात. वॉकरला चाकं असल्यामुळे बाई पादचारी की वाहन, असा मुद्दा तुल्लियोने काढला. बाई म्हणाल्या, "तुझ्या डोक्याला चाकं लावली तरी ते चालायचं नाही." मुद्दा निकालात.
प्रेसिडेंट म्हणून माझी एकमताने निवड. (बाईंना त्या वेळी डुलकी लागली होती. विरोध नोंदला गेला नाही, हे महत्त्वाचं.)
मीटिंग संपल्यावर तुल्लियो घरी सायकलवरून गेला. विचारलं तर म्हणाला, मी मनाने पादचारी आहे. बरं वाटलं.

९ मार्च
शिट्टी मोहीम.
सकाळी कॅथीड्रलच्या चौकात उभा राहिलो. बेदरकार सायकल दिसली की फुर्रर. पहिल्याच शिट्टीला पहिला सायकलवाला जागच्या जागी थांबला. काय तो परिणाम! त्याच्यावर दुसरा आदळला, दुसऱ्यावर तिसरी. कोणाला लागलं नाही, पण तिसरीच्या टोपलीतली अंडी गेली. लोक जमले. मी शिस्तीवर चार शब्द बोलायला सुरुवात केली तोच वाहतूक खात्यातली एक पोरसवदा पोलीसबाई आली. हात पुढे करून म्हणाली, "काका, शिट्टी."
दिली.
"आणि घरी जा. थेट."
थोडक्यात, सरकारला आमच्या मंडळाची दखल घ्यावी लागली.

१४ मार्च
छत्री मोहीम. कल्पना साधी, म्हणूनच असामान्य. मिटलेली छत्री काखेत आडवी धरून चालायचं. दोन्ही बाजूंना आपोआप अंतर राहतं. सायकलवाला झक मारत लांबून जाणार.
मात्सीनी रस्त्यापर्यंत मोहीम पूर्ण यशस्वी. तिथे छत्रीची मूठ एका सायकलच्या मागच्या टोपलीत अडकली. मी तत्त्व सोडलं नाही, म्हणजे छत्री सोडली नाही. त्यामुळे बुटांच्या दुकानापर्यंत धावावं लागलं. नंतर सोडली. छत्री कुठल्या दिशेने गेली ते पाहणारे बरेच होते, पण सगळे हसत असल्यामुळे नीट सांगता येईना.
इओलांदा म्हणाली, "चांगली छत्री होती."
माझी विचारपूस नाही.

२२ मार्च, रविवार
आज घरात एक नाजूक प्रसंग.
मे महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस. इओलांदाला विचारलं, काय हवं? अंगठी म्हणेल, रेशमी स्कार्फ म्हणेल. तर म्हणते, "तू आणि मी सायकलवरून फ्रांकोलिनोला जायचं. नदीच्या बांधावरून. तिथे मासे तळून देतात ना, तिथे जेवायचं. बस."
मी म्हटलं, आनंदाने गेलो असतो गं, पण गुडघा.
ती म्हणाली, "कुठला?"
म्हटलं, डावा.
"गेल्या वर्षी उजवा होता."
मी समजावलं की हा आजार आलटून पालटून होतो. ती भांडण करते तेव्हा ठीक असतं. आज नुसतं टेबल पुसत राहिली, पुसलेलंच टेबल पुन्हा. मग स्वतःची सायकल काढून तुल्लियो वगैरे मंडळींबरोबर निघून गेली.

२२ मार्च, संध्याकाळ
परत आली. गाल लाल, केस विस्कटलेले, हसू मावत नव्हतं. म्हणे बांधावर वारा इतका होता की तुल्लियोची टोपी पो नदीच्या पाण्यात गेली आणि तो टोपीला निरोपाचं भाषण देत होता. मीही हसलो. तुल्लियो काही एवढा विनोदी नाही.
जेवताना मी गप्प होतो. तिच्या लक्षात आलं नाही, कारण ती गुणगुणत होती.

२६ मार्च
पूर्ण विचारांती निर्णय: शत्रूशी लढायचं तर शत्रूचा अभ्यास हवा. सायकल या यंत्राचं तंत्र आतून जाणून घ्यायचं. मला ते येत नाही असं नाही. आजवर गरज पडली नाही, एवढंच.
तळघरात सासऱ्यांची जुनी सायकल पडून आहे. उद्या सकाळपासून शहराच्या तटाखालच्या पायवाटेवर, लिंडनच्या झाडांमागे. गुप्तता आवश्यक.

२७ मार्च
यंत्र सदोष आहे. बसलं की पडतं.

३१ मार्च
तीच परिस्थिती. झुडपं काटेरी. इओलांदाने हातावरच्या ओरखड्यांबद्दल विचारलं. मांजर म्हणून सांगितलं. आपल्याकडे मांजर नाही, हे तिने लक्षात आणून दिलं. म्हटलं, रस्त्यावरचं.
एक मात्र खरं, जुन्या मालाची बातच वेगळी. इतकी वर्षं पडून असूनही रोज सकाळी टायर टणक असतात. आज तर चेनही चकचकीत दिसली. आणि सीट पहिल्या दिवशी उंच वाटली होती, ती आपोआप बेतशीर खाली बसली आहे. हल्लीच्या सायकली असं करतील?

४ एप्रिल
गुप्तता संपली. झुडपातून बाहेर येतो तर समोरच्या बाकावर पाल्मिराबाई. वॉकर शेजारी, हातात बिस्किटाचा पुडा. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे.
मी म्हटलं, बाई, हे संशोधन आहे.
"हो ना," म्हणाल्या. "चाकाकडे बघून नको करूस संशोधन. चाक काय पळून जाणार आहे? समोर बघ. त्या झाडाकडे."
झाडाकडे बघितलं. झाडावर गेलो.
"त्याच्या शेजारी बघ मग!"
बाई तरुणपणी सायकलवरून नाचायला गावोगाव जायच्या, असं आज कळलं. परतताना डान्स केलेला मुलगा दांडीवर असायचा. मी विचारलं, नवरा का? म्हणाल्या, "त्यातला एक पुढे झाला."
कोणाला सांगणार नाही असं बाईंनी वचन दिलं आहे. बदल्यात चॉकलेट केक. उद्या न्यायचा.

११ एप्रिल, सकाळ
चाललो!!! म्हणजे चालवली!!!
लिंडनच्या झाडांपासून बुरुजापर्यंत, एका दमात. कानात वारा. खाली रस्ता असा मागे पळत होता, आणि मी काहीच करत नव्हतो, फक्त बसलो होतो. बाई बाकावरून ओरडत होत्या, "पाय! पाय मार मेल्या!" बुरुजाशी उतरलो (डाव्या अंगावर). गवतात पडल्या पडल्या आभाळ बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे तटाखाली.
हे इतकं सोपं होतं, आणि कोणी सांगितलं कसं नाही.

१८ एप्रिल
प्रगती थक्क करणारी. उजवीकडे वळता येतं. डावीकडे वळायचं अजून हाती घेतलेलं नाही. बाईंनी त्यावरून टोचलं. मी म्हटलं, फेराऱ्याचा तट गोल आहे. उजवीकडे उजवीकडे करत गेलं की माणूस घरी येतो. डावीकडे वळणं हा निव्वळ हट्ट.
ब्रेकबद्दलही बाईंचं म्हणणं आहे. मला ब्रेक घाईचा वाटतो. वेग हळूहळू आपला आपण कमी होऊ द्यावा, त्यात सभ्यता आहे.

२५ एप्रिल
आज प्रथमच शहरात नेली. काय लोक चालतात! काय ही पायी चालण्याची पद्धत! रस्त्याच्या मधोमध! एकाच्या हातात फोन, एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा, कुत्रा एका फुटपाथवर आणि मालक दुसऱ्या. एक सद्गृहस्थ तर चीजच्या दुकानाच्या काचेसमोर काही कारण नसताना थांबले आणि चक्क एक पाऊल मागे आले. मी घंटी वाजवली, ओरडलो, "अहो, बघून चाला की!" त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पादचाऱ्यांना शिस्त लावल्याशिवाय या शहराचं भलं होणार नाही. मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्यावा. प्रेसिडेंट मीच असल्याने अडचण नाही.

२ मे
मंडळाची मीटिंग. ठराव मांडला: पादचाऱ्यांनी एका ओळीत, भिंतीच्या कडेने, थांबण्यापूर्वी हात दाखवून चालावं. तुल्लियोने विचारलं, "एर्मेते, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"
म्हटलं, मी रस्त्याच्या बाजूने आहे.
बाईंना हसताना ठसका लागला. ठराव पुढे ढकलला.

९ मे
उद्या वाढदिवस. योजना अशी: इओलांदाला सांगितलंय की मी बसने फ्रांकोलिनोला येतो, तू मंडळींबरोबर सायकलने पुढे हो. सगळे बाहेरच्या टेबलांवर बसलेले असणार. तेवढ्यात बांधावरून मी. एका हाताने टोपी उचलून अभिवादन. (टोपी उचलण्याचं जमलं तर. नाहीतर मान झुकवून.) इओलांदा उठून उभी राहील. तुल्लियोला काय बोलावं सुचणार नाही.
रात्रीच्या जेवणात तिच्या बोटांना काळं तेल दिसलं. काय तळत होती देव जाणे.

१० मे, रविवार, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
सकाळी निघालो. हवा स्वच्छ. बांध म्हणजे एक सरळ रेघ, एका अंगाला पो, दुसऱ्या अंगाला शेतं. माझ्यासारख्या चालवणाऱ्यासाठीच बांधलेला. चालायला आलेल्या लोकांचा मात्र सुळसुळाट. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अगो बाई, हा तर तो शिट्टीवाला!" दुर्लक्ष केलं.
फ्रांकोलिनो दिसलं. झाडाखाली टेबलं दिसली. माशांचा वास आला. इओलांदा दिसली, निळ्या पोशाखात. तिनेही मला पाहिलं आणि खरोखर उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर. इथवर सगळं योजनेप्रमाणे.
हॉटेल डावीकडे होतं.
हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. उताराची वाट डावीकडे, हॉटेल डावीकडे, बायको डावीकडे. मी मान झुकवून अभिवादन केलं आणि सरळ पुढे गेलो. मागून तुल्लियोचा आवाज, "अरे, कुठे निघालास? समुद्रावर?" थांबावं म्हणून वेग कमी होण्याची वाट पाहिली. वारा पाठीशी होता. वेग वाढला. पुढे फिरायला आलेला एक मोठा घोळका, सगळे आडवे पसरलेले. ओरडलो, "बाजूला व्हा!" अर्धे या बाजूला झाले, अर्धे त्या बाजूला, मग विचार बदलून दोघांनी जागा बदलल्या. मी उजवीकडे वळलो. ते मला येतं. उजवीकडे नदी होती.
पाण्यात नाही, पाण्याच्या अलीकडच्या लव्हाळ्यांत. चिखल मऊ होता.
इओलांदा सायकल दामटत आली. मला हाडं मोजायला लावली. सगळी जागेवर आहेत म्हटल्यावर चिखलात शेजारी बसली आणि हसायला लागली. निळा पोशाख घालून, चिखलात. मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे? मला सायकल येते हे तरी मान्य कर.
"आता येते," म्हणाली. "लग्न झालं त्या उन्हाळ्यात समुद्रावर मी म्हटलं होतं, सायकली भाड्याने घेऊ. आठवतंय? तू म्हणालास दुकान बंद आहे. दुकानदार दारात उभा होता, एर्मेते. त्याने मला हातसुद्धा केला."
मी म्हटलं, तो माणूस मला तेव्हा लबाड वाटला होता.
"आणि टायरमध्ये रोज हवा कोण भरत होतं, तोच का?"
मी तिचे हात हातात घेतले. नखांत अजून तेल होतं. मग तिने मला खरं सांगितलं, की गेली इतकी वर्षं तिला एकट्याने जायला काही वाटायचं नाही, फक्त चांगलं काही दिसलं की शेजारी बघायची सवय होती, आणि शेजारी तुल्लियो असायचा.
मासे गार झाले होते. चिखलासकट बसून खाल्ले. इतके चांगले मासे मी आजवर खाल्ले नव्हते.

११ मे
मंडळाची तातडीची मीटिंग माझ्या गैरहजेरीत झाली. नवीन प्रेसिडेंट: पाल्मिराबाई. एकमताने. माझी नेमणूक 'धोका' म्हणून. हे पद नवीन आहे.

२४ मे, रविवार
इओलांदाने कुठूनशी दोन सीटांची, दोघांनी पॅडल मारायची सायकल आणली आहे. पुढची सीट तिची. हँडल तिचं, ब्रेक तिचे, घंटी तिची. मी विचारलं, मग मागे माझं काम काय? म्हणाली, "पाय मार आणि बोलू नकोस."
मागच्या सीटवरून रस्त्याचं सर्वांगीण निरीक्षण करता येईल असं वाटलं होतं. रस्ता अजिबात दिसत नाही. दिसते ती इओलांदाची पाठ, आणि मानेवर सुटलेली बट. ती बांधावर पोचेपर्यंत बघत होतो.
मात्सीनी रस्त्यावर एक म्हातारा काठी उगारून ओरडला, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" मंडळाचा माजी प्रेसिडेंट म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायचं होतं. दम लागला होता. म्हटलं, "माफ करा."