खिट्टी हॉलच्या बाजूला

प्रिय ताई,

तुझा मेसेज वाचला. 'तू नोकरीवर परत गेलीस? न सांगता? मग आईजवळ कोण आहे?' फोनवर सांगितलं असतं, पण या घरात एका खोलीत बोललेलं दुसरीत ऐकू जातं. म्हणून लिहिते आहे. सोमवारी दुपारी जे घडलं ते आधी क्रमाने.

१. आई शेजारच्या काकूंबरोबर डोळे तपासायला गेली. घरात बाबा आणि मी.

२. रंगाचे उरलेले डबे फळीवर लावायला मी अडगळीच्या खोलीत गेले. मोबाइल स्वयंपाकघरात राहिला.

३. वाऱ्याने दार आपटलं. हॉलच्या बाजूची खिट्टी आपोआप पडली. ती आतून उघडत नाही.

४. बाबा हॉलमध्ये होते. त्यांना खिट्टी उघडता आली नाही.

५. हॉलमधल्या जुन्या, तारेच्या फोनवर तुझा फोन आला. बाबांनी तुला दोन गोष्टी सांगितल्या: धाकटी पुलाच्या कामावर गेली आहे, आणि आत कोणी अनोळखी बाई अडकली आहे. त्यातली पहिली तू खरी मानलीस.

६. बाबा आणि मी दाराच्या दोन बाजूंना बसून बोललो.

७. दिवेलागणीला आई आली. तिने दार उघडलं.

कोणालाही काही लागलं नाही.

आता खिट्टीबद्दल, कारण चूक तिथे आहे आणि ती माझी आहे. घराची दुरुस्ती चालू असताना तू आलीस तेव्हा छप्पर उघडं होतं आणि आपण दोघी ताडपत्रीखाली बसून चहा प्यायलो होतो. 'हे घर होतं की गळकी होडी' असं तू म्हणाली होतीस. तू परत गेलीस त्याच आठवड्यात बाबा एका सकाळी हातात डबा घेऊन बाहेर पडले. फेरीबोटीवरची नोकरी अजून चालू आहे असं वाटून, पहिली फेरी चुकेल म्हणून. सुतार कामावर येत होता, त्याने त्यांना कमरेइतक्या पाण्यात उभं पाहिलं. ते धक्का शोधत होते. डबा भिजू नये म्हणून डोक्यावर धरला होता. रिकामा होता. हे आईने तुला 'बाबा जरा पाण्यात गेले होते' एवढंच सांगितलं असणार.

त्यानंतर मी नकाशा पुन्हा काढला. आधीचा नकाशा सुट्टीत येऊन राहायच्या घराचा होता: पश्चिमेला मोठी खिडकी, बाहेर बाक, वाळूचे पाय धुवायला नळ. नवा नकाशा बाबांसाठी होता. उंबरे काढले. फरशी सगळीकडे एका रंगाची केली, कारण काळी फरशी दिसली की त्यांना तिथे खड्डा आहे असं वाटतं आणि ते तिथेच थांबतात. संडासाचं दार पिवळं केलं, बिनखिट्टीचं. आरसे काढले, आरशातल्या म्हाताऱ्याला ते रोज बसायला सांगत आणि तो बसत नाही म्हणून चिडत. आणि बाकीच्या दारांना ही खिट्टी लावली. एका हाताने वर उचलून धरायची आणि ती उचललेली असतानाच डावीकडे सरकवायची. दोन कामं एकाच वेळी. बाबांना ती एकामागून एक करता येतात, एकदम येत नाहीत. डॉक्टरांनी हे सांगितलं, मी त्यावरून खिट्टी आखली.

तपशील मी एकाच दाराचा काढला आणि खाली लिहिलं: बाकी सर्व दारांना असेच, खिट्टी हॉलच्या बाजूला. ऑफिसात आम्ही असंच करतो. पुलाचे चाळीस खांब असले तरी एक काढतो, बाकीचे तसेच. मुख्य दारासाठी हे बरोबर होतं. बाबा हॉलमध्ये, खिट्टी त्यांच्यासमोर, ती त्यांना उघडत नाही, ते घरात राहतात; बाहेरून ते दार आईच्या किल्लीने उघडतं. अडगळीच्या खोलीसाठीही बरोबर होतं. तिथे रंग आणि थिनर आहे. पण नकाशावर बोट ठेवून बघ. हॉलमध्ये असलेल्या माणसाला ही खिट्टी जमली तर तो कुठेही जाऊ शकतो. खोलीत असलेला कोणीच कुठे जाऊ शकत नाही. आईची खोली, माझी खोली, सगळ्या तशाच. आम्ही दारं उघडी ठेवून झोपतो आणि ती वाऱ्याने मिटू नयेत म्हणून खाली अडणे लावले आहेत, म्हणून इतके दिवस कळलं नाही. अडगळीच्या दाराला अडणा लावायचा राहिला होता.

सुतार दारं बसवताना म्हणाला होता, 'बाई, एकदम पक्कं काम झालंय, आता कोणी हलत नाही.' मी त्याला शाबासकी दिली.

आत अंधार नव्हता. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता, समुद्र ऐकू येत होता. मी आधी बिजागऱ्या पाहिल्या, त्याही हॉलच्या बाजूला. मग बाबांना हाक मारली. ते लगेच आले. मी सांगितलं, 'बाबा, खिट्टी वर उचला.' उचलल्याचा आवाज आला. 'आता तशीच धरून डावीकडे सरकवा.' खिट्टी खाली पडल्याचा आवाज आला आणि मग सरकवायचा प्रयत्न. असं बऱ्याच वेळा झालं. एवढी वर्षं फेरीबोटीचं सबंध इंजिन खोलून परत जोडणारा माणूस. माझं डिझाइन चोख ठरलं, ताई. तक्रारीला जागा नाही.

ते दमले. मग त्यांनी विचारलं, 'आत कोण आहे?' मी म्हटलं, मी. 'मी कोण?' धाकटी. तर म्हणाले, 'धाकटी इथे नसते हो. ती पुलाच्या कामावर असते.' त्यांनी मला पहिल्यांदाच 'अहो-जाहो' केलं. तेवढ्यात तुझा फोन वाजला. त्यांनी तुला काय सांगितलं ते मी ऐकत होते. मी आतून ओरडले, 'ताईला सांगा, मीच आहे,' ते तुला ऐकू गेलं नसेल. वारा होता.

यापुढचं सांगण्याआधी घराची बातमी देते, कारण ती याच्याशी जोडलेली आहे. घर पूर्ण झालं. गंजलेल्या सळया सगळ्या बदलल्या. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते आणि आतूनच भिंत फोडते. बाहेरून भिंत शेवटपर्यंत ठणठणीत दिसते. आता वीस-पंचवीस वर्षं कोणी हात लावायला नको. आई आल्यागेल्याला फिरवून दाखवते. काकूंना म्हणाली, 'घर पाहावं बांधून म्हणतात, ते हिने बांधून दाखवलं.' म्हणीचा पुढचा, लग्नाचा अर्धा भाग ती आता म्हणत नाही. आधी दर रविवारी म्हणायची, आणि मी वैतागायचे. म्हणायची थांबली तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं.

काम चालू होतं तोवर सगळं सरळ होतं. मी रजा घेऊन कामावर आलेली इंजिनियर होते. सकाळी गवंडी, दुपारी सुतार, संध्याकाळी हिशोब आणि उद्याची यादी. बाबांना आंघोळ घालणं, औषधं, रात्रीचं उठणं हे मधल्या वेळात बसायचं. आता यादीत फक्त तेच उरलं आहे. गवंडी गेला त्या दिवशी मी घरभर फिरून करायचं काही राहिलंय का ते शोधलं. अडगळीच्या दाराचा अडणा सापडला, तो मी मुद्दाम लांबवला. तो लागला की काम संपलं, आणि काम संपलं की मी इथे कामाला आलेली नाही, इथे राहणारी. कुणी तसं ठरवलेलं नाही. तू नाही, आईनेही नाही. तू फोनवर म्हणतेस, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.' आई म्हणते, 'तू आहेस म्हणून निभावतंय.' दोन्ही वाक्यं प्रेमाची आहेत. दोन्हींची खिट्टी हॉलच्या बाजूला आहे.

आईने दार उघडलं तेव्हा तिचे पहिले शब्द होते, 'अगं, यांना चहा दिलास का?' मी म्हटलं, मी आत होते. 'हो, पण दुपारचा चहा चुकला ना त्यांचा.' मग तिच्या लक्षात आलं आणि ती भिंतीला टेकून हसत सुटली. मीही हसले. हसता हसता ती एकदम म्हणाली, 'फाटकातून आत आले तर घर इतकं शांत. मला वाटलं, तू गेलीस.' डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं, तरी ती माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला न विचारता सुताराला बोलावलं. माझ्या खोलीत भिंतीतलं कपाट करायचं आहे, छतापर्यंत. 'किती दिवस बॅगेतून कपडे काढणार? एकदाच करून टाकू, कायमचं.' सुतार म्हणाला, शुक्रवारी माप घेतो.

मी काही बोलले नाही. तुला माहीत आहे, मी बोलत नाही. लहानपणी पंखा बिघडला, नळ गळला, की तू ओरडायचीस आणि मी पाना घेऊन यायचे. त्यामुळे तुला ओरडायची सवय लागली आणि मला पान्याची.

साहेबांनी माझी जागा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. नदीवरचा पूल आहे, मधला गाळा, म्हणजे मधल्या दोन खांबांमधला भाग, माझ्याकडे. एक तारखेला हजर झाले नाही तर दुसऱ्या कोणाकडे जाईल. त्यांनी दोनदा लांबवलं, तिसऱ्यांदा लांबवणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुलाही आत्ताच सांगते आहे.

तुझी बाजू मला माहीत आहे. भावोजींची बदली, तुझं दुकान, छोकरीची परीक्षा. समोरासमोर मांडलं तर तुझं पारडं जड होईल, म्हणून मी मांडत नाही. परीक्षा या महिन्यात संपते, एवढंच लक्षात आहे.

आता सहावा मुद्दा. तुझा फोन ठेवल्यावर बाबांनी खुर्ची ओढून आणली आणि दाराशी बसले. मला म्हणाले, 'घाबरू नका. इंजिन बंद पडलं म्हणून बोट बुडत नाही, नुसती वाहत जाते. कोणीतरी येतं.' मग कुठल्याशा फेरीची गोष्ट सांगितली, भर पाण्यात पट्टा तुटला होता आणि लोक टोपल्या-बोचकी घेऊन गप्प बसले होते ती. तू ती शंभरदा ऐकली आहेस. मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. उठून जायला जागा नव्हती. संपल्यावर मी म्हटलं, 'तुमच्या धाकटीला बोलावता का? तिला ही खिट्टी उघडता येते.' त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग अगदी दाराजवळ तोंड आणून, कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले, 'तिला कळवू नका. ती आली की काम पुरं झाल्याशिवाय जायची नाही. आणि इथलं काम पुरं होणारं नाही.' मग कोणाला बोलवायचं, असं मी विचारलं. म्हणाले, 'मोठीला बोलवा. आधी चिडेल, मग रडेल, पण येईल.'

त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, म्हणूनच ते खरं बोलले असं मी धरून चालते. चिडणं आणि रडणं मला मोजता येत नाही, ते तू तुझ्या सोयीने कर. मी फक्त त्यांनी सांगितलं तसं करते आहे: मोठीला बोलावते आहे. परीक्षा झाली की ये आणि तीन महिने राहा. त्यानंतर तीन महिने मी येईन, एकदा कामावर हजर झाले की साहेब तेवढी सवलत देतात, आणि असंच पुढे. दिवसा मदतीला येणारी बाई मी बघून ठेवली आहे. बाबा तिला 'तिकीटवाली' म्हणतात आणि तिचं ऐकतात. अडगळीच्या दाराला मी आतून ओढायची दोरी लावली आहे, बाकीच्या खोल्यांनाही शुक्रवारी लागेल. तू आलीस तर अडकणार नाहीस. निदान दारामुळे तरी नाही.

उत्तर हो असेल तर कपाट नको म्हणून सुताराला मी सांगेन, आणि आईला आपण दोघी मिळून सांगू. नाही असेल तर नाही लिही, कारणं लिहू नकोस. मी साहेबांना कळवेन आणि सुताराला माप घेऊ देईन.

गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
धाकटी