कॅप्टन थानासिसचा पोवाडा

रवि. १२ फेब्रु. १९८४, चँडलर, अमेरिका
शेजारच्या एलेनीमावशी आज तणतणत आल्या. हातात पालकाच्या सारणाची पेस्ट्री, डोळ्यांत पाणी. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये २५ मार्चला ग्रीसचा स्वातंत्र्यदिन असतो. दरवर्षी त्याच दोन-तीन मोठ्या नावांचा जयजयकार. मावशींच्या खापरपणजोबांना, कॅप्टन थानासिसला, कोणी विचारत नाही. "पुस्तकात नाही म्हणे! अगं, माझ्या आजीनं सांगितलंय, ते काय खोटं?"
मग मलाच सांगत बसल्या. डोंगरातला मेंढपाळ. तुर्की सुलतानाच्या शिपायांनी भाऊ मारला, तेव्हा ह्यानं काठी टाकून तलवार घेतली. खिंडीत माणसं मूठभर. कड्यांवर मेंढ्या सोडल्या, गळ्यात घंटा. असा घणघणाट, की फौज आली समजून शत्रू मागे फिरला.
ऐकता ऐकता माझी बोटं टेबलावर ठेका धरू लागली. बाबा मिरजेकडचे शाहीर. लग्नापर्यंत मी त्यांच्यामागे 'जी जी' करत झील धरायची. नंतर कुठलं काय.

बुध. १५
ऑफिसला ड्राइव्ह करताना थानासिसच्या पोवाड्याचा पहिला चौक सुचला. गाडी बाजूला घेऊन मोठ्यानं म्हटला. कोणी पाहिलं असतं तर!
अरुण (नवरा) जेवताना : "ग्रीक माणसाचा पोवाडा? मराठीत? कोणाला कळणार, यार?"
"कडव्यांच्या मधे इंग्लिशमध्ये सांगेन. बाकी डफ सांगेल."
"आणि झील कोण धरणार?"
मी त्याच्याकडेच बोट दाखवलं. मान खाली घालून म्हणाला, "बरं."

शनि. ३ मार्च
मावशींच्या चर्चच्या कमिटीचा निक घरी आला होता. पोवाडा ऐकून खूश. पण, "तुरुंग नको. इट्स अ सेलिब्रेशन."
तुरुंग म्हणजे – देश स्वतंत्र झाला, नव्या सरकारपुढे थानासिस वाकला नाही, तर आपल्याच लोकांनी त्याला कोठडीत टाकलं. सुटला तेव्हा त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं.
मावशी : "ते गाळलंत तर माझा माणूस उरला कुठे?"
मी म्हटलं, गाईन तर सगळा. निक टोपी उचलून निघून गेला. संध्याकाळी फोन : "ओके. बट कीप इट शॉर्ट." मावशींनी माझे दोन्ही गाल ओढले.

रवि. १८
तालीम. डफ कुठून आणायचा ही काळजी होती. हॉलच्या कपाटातून निकनं काढला – चामड्याचा, कडेला झांजा. म्हणे देफी. आमचा डफ, त्यांचा देफी! थाप मारली तर बाबांच्याच हातचा आवाज.
पण गळा बसलाय. धूळ. मीठपाणी, हळद-दूध, गप्प राहणं (कठीण).

रवि. २५
झालं!!
नऊवारी नेसून उभी राहिले, समोर सगळे अनोळखी चेहरे. पहिला सूर फाटला. दुसरा लागला.
"खिंड रोखुनी थानासिस तो उभा वाघ जणु रानी
घंटा घणघण, कडे दणाणले, वैऱ्याचे हो पाणी पाणी, जी जी रं जी!"
अरुणचा 'जी' भलताच वरच्या पट्टीत. कोणी हसेल म्हणून मी घाबरले, तर मागची पोरं त्याच्याबरोबर जी जी करायला लागली! मग अख्खा हॉल.
तुरुंगाच्या चौकाला मी डफ थांबवला. नुसता माझा आवाज. निक जमिनीकडे बघत होता. शेवटी आंधळा कॅप्टन गावात परत येतो, मेंढ्यांच्या घंटा ऐकून घर ओळखतो – आणि एलेनीमावशी उभ्या राहिल्या, मूठ वर. "झीतो!" म्हणजे जय. लोक उठले. पायांखाली फरशी हादरत होती.
निक अरुणच्या गळ्यात पडला. "माझे आजोबाही असेच आपल्याच लोकांच्या कोठडीत होते… घरात कोणी त्यावर बोलत नाही."
बाबा, तुम्ही असायला हवे होतात.

मंगळ. २७
दाराशी तीन घरांतून बकलावा (त्यांची मिठाई) आलाय. निक विचारतो, दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये गाशील का? अरुण आंघोळ करताना जी जी करतो.
चहाला मावशी. मी सहज विचारलं, "तो कोठडीत होता तेव्हा मेंढ्या कोण बघत होतं?"
"त्याची बायको. खिंडीत बंदुकीची दारू तीच पोचवायची, पाठीला मूल बांधून."
"नाव काय तिचं?"
मावशींनी कप खाली ठेवला. आजीनं कधी सांगितलंच नव्हतं. म्हणाल्या, गावाकडे बहिणीला फोन करते, तिला ठाऊक असेल. नसेलही.
तिचा चौक मात्र आत्तापासूनच सुचायला लागलाय. नावाची जागा मोकळी ठेवून…