साठही सारखे

३ मार्च
एकदाच्या पोचलो! मी आणि माझी सात महिन्यांची लेक इलेफ. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या स्फॅक्स शहरापासून धूळ खात आलो, पण बीर सालम गावच्या खजुरी दिसल्या आणि शीण पळाला. घरमालकीण मबरूकामावशीनं गरम रोटी आणि हरीसाची तिखट चटणी पुढं केली. वर टोमणाही, शहरात उपाशी ठेवतात का गं तुला? दवाखान्यात माझं काम म्हणजे गावकऱ्यांचं रक्त घेऊन डीएनए वाचायचं. विहिरीचं पाणी जरा मचूळ आहे. इलेफच्या पावडरच्या दुधासाठी मी ते अर्धा तास खळखळ उकळते. मावशी हसते. हसू दे.

१० मार्च
साठ नमुने झाले. एकाच गावचे असले तरी माणसामाणसांत डीएनएची अक्षरं इथंतिथं वेगळी असतातच. जिथं लांब पट्टा सगळ्यांचा हुबेहूब निघतो, तिथं निसर्गानं निवड केलेली असते. तो पट्टा नसलेल्यांचा वंश खुंटला, असं समजायचं. इथल्या तान्ह्यांना नावंच नाहीत! वर्षाचं झाल्यावर ठेवतात. मी मावशीला छेडलं, तर म्हणाली, आधी टिकू दे, मग नाव. घाई काय आहे?

१८ मार्च
मूत्रपिंडाच्या जनुकापाशी साठही सारखे. यंत्र बिघडलं असेल म्हणून तुलनेला माझं आणि इलेफचं रक्त घातलं. आम्हा दोघींचंच वेगळं निघालं. यंत्र ठणठणीत आहे. पट्टा फार लांब; बऱ्याच पिढ्या उलटल्या असत्या तर दर पिढीच्या सरमिसळीत त्याचे तुकडे झाले असते. म्हणजे निवड अगदी अलीकडची.

२० मार्च
कबरस्तानात गेले. वीतवीतभर दगड, एकावरही नाव नाही. अलीकडची कसली — निवड अजून चालूच आहे. मावशीची आठ पोरांतली तीन जगली. बाकीच्यांना पाणी मानवलं नाही, म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली. मेलेल्यांचं रक्त माझ्या नमुन्यांत येणार कुठून? भीती वाटतेय मला.

२१ मार्च
इलेफचे डोळे सुजलेत. पोटात दुसरं राहिलं तेव्हाच माझं दूध आटलं, म्हणून बाटली. पाणी उकळून जंतू मरतात, क्षार नाही मरत. ते क्षार इथल्यांची मूत्रपिंडं पेलतात, आमची नाही. आटवून आटवून मीच ते घट्ट केलं — मोठी शहाणी ना मी!

२३ मार्च
तोझर शहरातलं इस्पितळ. डॉक्टर नजर चुकवतात. उशीर झाला म्हणतात. मूत्रपिंडं —

२५ मार्च
इलेफ गेली.
मावशी आली. कुशीत घेतलं. रडू नको पोरी, दुसरं होईल, म्हणाली.
दुसरं आहे गं, मावशी. तीन आठवडे तेच पाणी माझ्यातून त्याला — आणि आज सकाळपासून माझेही पाय सुजलेत —