विमानघरातला मारुती

उस्ताद, तुमचं विमानघर अजून उभं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, पाडलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्हांला जाऊन तपाहून जास्त झालं. सांगलीबाहेरची ती संस्थानी काळातली दगडी शेड, छपराच्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं, आणि आत लढाईनंतर विमानदलातून फिटर होऊन परतलेले तुम्ही. भंगारातून सोडवून आणलेलं कापड फाटलेलं विमान मधोमध, आणि त्याचं नऊ सिलिंडरचं इंजिन पंख्यासकट शेजारी लोखंडी घोडीवर. मी मिरजेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये नोकरीला, रविवारी सायकल मारत यायचो. शाळा सातवीत सुटली होती. इंग्रजी शिकलो ते तुमच्या इंजिनाच्या पुस्तकावरून, आणि शब्दकोश स्वतःच्या पगारातून घेतला, कुणाच्या उपकाराने नाही. एक रविवार डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पंख्यासमोर उभा राहून फडकं मारतोय. तुम्ही मागून बखोट धरून मला ओढता. "मरायचं हाय का रं?" मी म्हणतो, "उस्ताद, इंजिन कधीचं बंद आहे." तुम्ही माझ्याकडे बघता. "बंद हाय हे त्याला कुणी सांगितलंय?" मला हसू येतं, तुम्हांला येत नाही. त्या दिवशी चहासुद्धा दिला नाहीत.

तुमच्या मागे किल्ली माझ्याकडे आली, आणि येईल त्याला मी विमान दाखवू लागलो. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी नगरपालिकेला त्या जागी दुमजली गाळे हवेसे वाटले आणि भिंतीवर "धोकादायक इमारत" अशी पाटी लागली. मी शिडी लावून प्रत्येक कैचीचा प्रत्येक सांधा टोच्याने टोचून पाहिला. कुठे वाळवी नव्हती. तसं लिहून दिलं, कुणी वाचलं नाही. मुंबईला पुरातत्त्व खात्याकडे इंग्रजीत अर्ज केला, तर इमारत पुरेशी जुनी नाही, असं उत्तर आलं. एका साहेबांनी मात्र आपुलकीने विचारलं होतं, हे विमान लढाईत गेलं होतं का? गेलं असेल तर काही करता येईल. गेलं नव्हतं. शिकाऊ पोरांना उडायला शिकवायचं विमान होतं ते, आणि मी तसंच कळवलं. शिराळ्याकडचे तुमचे दोस्त सुभेदार, त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं, लिवायचं की व्हय म्हणून! कोण बघाय येतंय हितं?"

मग त्यांनीच ती तोड काढली. "आत मारुती बसवा. कुणाची छाती हाय मग हात लावायची?"

"सुभेदार, हे संग्रहालय आहे, देऊळ नव्हे."

"उडणारा द्येव हाय त्यो! विमानाच्या घरात त्याच्याइतका हक्काचा दुसरा कोण हाय, सांगा की."

कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो, आणि हसलो म्हणजे हो म्हणालो. साताऱ्याकडच्या एका पाथरवटाकडून मूर्ती आणली. पाडायला माणसं आली त्या सकाळी मी दारातच उभा होतो. पहारी भिंतीला टेकवून, चपला बाहेर काढून ती सगळी आत गेली, हात जोडले आणि परत आली. मुकादम पालिकेच्या माणसाला म्हणाला, "सायेब, आमच्या हातनं हे हुणार न्हाई." गाळे दुसरीकडे गेले. सुभेदारांनी पेढे वाटले, मीही खाल्ला.

पण देव बसला म्हणजे माणसं येणारच. शनिवारी रांग लागू लागली. कुणी पंख्याला रुईच्या पानांची माळ घातली, कुणी इंजिनावर तेल ओतलं. मग कमिटी झाली, पुजारी आला, आणि किल्ली माझ्याकडून गेली. रांगेला जागा हवी म्हणून विमान करवतीने कापून मागच्या अंगणात टाकलं. मला कळलं ते हनुमान जयंतीला. पोचलो तोवर पंखांच्या लाकडी फासळ्या महाप्रसादाच्या चुलीत गेल्या होत्या. हलकं लाकूड, भराभर पेटलं म्हणे. सुभेदार माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "इमारत तर ऱ्हायली न्हवं, गड्या?" तिथून सायकल हातात धरून चालतच घरी आलो.

इंजिन तेवढं वाचलं, कारण लोकांनी त्यालाही शेंदूर फासला होता. एकदा मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसलो. सिलिंडरला बाहेरून ज्या पातळ पट्ट्या असतात त्या मधून हवा खेळावी म्हणून असतात. आता त्यांत नखसुद्धा शिरत नाही. पुजारी धावत आला. "काका, द्येवाचं अंग खरवडतासा व्हय?" मागची रांग कुजबुजायला लागली. मी ब्रश खाली ठेवला.

गेल्या शनिवारी एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. पोरगं पलटणीत भरती झालेलं, संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. मारुतीपुढे नारळ फोडून ती इंजिनापाशी आली आणि मला, बहुधा देवळातलाच कुणी समजून, विचारलं, "आवं, ह्यो द्येव कुठला?" सांगण्यासारखं माझ्यापाशी काय नव्हतं, उस्ताद? माझ्याइतकं ते इंजिन आज या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने पोराचं डोकं हाताने त्या शेंदरावर टेकवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पावतो न्हवं?"

मी म्हणालो, "पावतो."

आवाजही चाचरला नाही. तुम्ही हयात असता, तर हे तुम्हांला सांगायची माझी छाती झाली नसती.